खालची ओळ

परकार मास्तर वारल्याची बातमी गावाकडून आली, तेव्हा इथल्या, कुवेतमधल्या आमच्या कोकणी जमातीच्या सेक्रेटरींनी मला फोन केला. मंगफ भागात कुणाच्या तरी फ्लॅटच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. म्हणाले, "रफीकभाई, अम्गऱ्याच्या भंगार यार्डात तुम्ही त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काढलीत. दोन शब्द बोला." मी म्हटलं, "चांगले दोन शब्द माझ्याकडं नाहीत. वाईट हवे तेवढे आहेत. दोन तास बोलेन." ते हसले. त्यांना वाटलं, मी मस्करी करतोय. मी सभेला गेलो नाही.

नंतर कळलं, तिथं एकानं मास्तरांना हसतमुख म्हटलं आणि दुसऱ्यानं मनमिळाऊ. हसतमुख! अहो, हा माणूस ईदच्या दिवशी गळाभेट घेतानासुद्धा समोरच्याच्या कुर्त्याची शिवण कुठं उसवलीय ते सांगायचा. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, हे मलाही ठाऊक आहे. पण खोटं बोलावं, असं कुठं सांगितलंय?

माझ्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. बोटं गेली ती गेली, त्याचा दोष मी मास्तरांना देत नाही. पण त्यानंतर माझी नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, दोन वर्षं गावात लोकांची तोंडं बघत काढली. हे सगळं एका वाक्यानं वाचलं असतं. "पाटी झिजली होती." एवढंच बोलायचं होतं मास्तरांनी. नाही बोलले. बारा वर्षं मी हा राग धरून आहे. आता माणूसच राहिला नाही, तर राग घेऊन जाऊ कुठं? म्हणून लिहितोय.

मास्तर मूळचे दापोली तालुक्यातले, माझ्याच बाजूचे. हायस्कुलात इतिहास शिकवायचे. ते सोडून कुवेतला भंगारात का आले, ते कुणाला कधी सांगितलं नाही. यार्डात त्यांचं काम माल वेगळा करायचं. लोखंड इकडं, स्टेनलेस तिकडं, तांबं-पितळ आत कुलपात. आम्ही सगळे काजळीनं काळे झालेलो असायचो आणि हे आपले पांढरा स्टार्च केलेला शर्ट पँटीत खोचून, खिशाला लाल आणि निळं पेन लावून फिरायचे. दुसऱ्या खिशात खडू. खडू गावाहून मागवायचे. सुट्टीवर गेलेला कुणीही परत येताना लोणचं विसरला तरी चालेल, मास्तरांचा खडूचा डबा आणायला विसरला तर आठवडाभर त्याचं काही खरं नाही.

मी यार्डात गॅस कटर म्हणून लागलो. पहिल्याच सकाळी त्यांनी मला उभं केलं.

"शिक्षण?"

"दहावी."

"इतिहासात किती?"

"पस्तीस."

"म्हणजे कुणीतरी दया केली," म्हणाले आणि पुढं गेले.

तासाभरानं एका जुन्या पंपावरची पितळेची पाटी मी घण घालून उडवली. पितळ वेगळं काढायचं असतं ना, म्हणून. मास्तर धावत आले. एवढ्या जोरात ओरडले की क्रेनवाल्यानं क्रेन थांबवली. "व्हँडल! अरे व्हँडल! वाचल्याशिवाय हात लावलास?" मला वाटलं, काहीतरी इंग्रजी शिवी आहे. कँटीनवाल्या कुट्टीला विचारलं, त्यालाही माहीत नव्हती. तेव्हापासून माझं नाव व्हँडल पडलं ते पडलंच.

तर त्यांचा नियम असा होता. यार्डात येणाऱ्या प्रत्येक पंपावर, टाकीवर, मोटारीवर एक पाटी असते. वरच्या ओळीत कुणी बनवलं, नंबर, साल. खालच्या ओळीत, बारीक अक्षरात, आत काय भरत होते ते. मास्तर पाटी मोठ्यानं वाचणार. कापणाऱ्यानं ती शाळेतल्या पोरासारखी परत म्हणायची. मग मास्तर वहीत लिहिणार, लोखंडावर खडूनं बरोबरची खूण करणार, आणि तेव्हा कुठं आम्ही गॅस पेटवायचा. कुवेतमधल्या दुसऱ्या कुठल्या यार्डात असला प्रकार नव्हता. बाजूच्या यार्डवाले कुंपणापलीकडून आमची शाळा ऐकायचे आणि "बे एके बे" म्हणून ओरडायचे. मी तीस वर्षांचा बाप्या, बांगलादेशी आणि बिहारी पोरांसमोर उभा राहून पंपाचा नंबर पाठ म्हणतोय. लाज वाटायची हो.

"वरची ओळ सगळेच वाचतात," मास्तर म्हणायचे. "खालची वाच. खालच्या ओळीत खरं असतं."

आमचा फोरमन अबू समीर, इजिप्तचा. एक बोल्ट गेटबाहेर न्यायचा तरी त्याला तीन शिक्क्यांचा कागद लागायचा. त्याला मास्तरांनी 'बायझंटाईन' नाव ठेवलं होतं. रोममध्ये बादशहा राहिला नाही, तरी तिकडं पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये कागद लिहिणारे आणि शिक्के मारणारे पुढं हजार वर्षं बसून होते, म्हणून. कुट्टी ऑफिसलाही चहा विकायचा आणि ऑफिसविरुद्ध कुरकुर करणाऱ्या आम्हालाही, दोन्हीकडच्या बातम्या दोन्हीकडं पोचवायचा. तो 'व्हेनिस', लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी धंदा करणारं शहर. पाठीमागं आम्हीही मास्तरांना नाव ठेवलं होतं, उंटावरचा शहाणा. ते त्यांना बरोबर बसलं होतं, का ते पुढं येईल.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथं बंदी असते. तेव्हा आम्ही दोन कंटेनरच्या मधल्या सावलीत पडून राहायचो. डोळा लागायची वेळ आणि मास्तर उठून कंटेनरच्या पत्र्यावर खडूनं भूमध्य समुद्र काढायला लागायचे. आधी मधोमध सिसिली काढायचे, मग तिच्याभोवती बाकीचं जग. वर इटली, खाली ट्युनिस, उजवीकडं शाम म्हणजे सीरिया, डावीकडं स्पेन. ऐकायला कोण? मी, माझा जोडीदार कटर जलील, आणि पेंगणारी सहा-सात माणसं. पण मराठी-हिंदी मिसळून शिकवायचे असे की समोर साठ पोरं बसलीत.

"रोम पडलं म्हणजे काय झालं रे व्हँडल?"

"पडलं म्हणजे पडलं."

"गाढवा. मालक गेला. माल राहिला. रस्ते राहिले, खांब राहिले, नाणी राहिली, कारकून राहिले. नवे मालक आले, त्यांनी काय केलं? जे पडलं होतं ते उचललं आणि वापरलं. ट्युनिसच्या बाजूला कैरवानची मशीद आहे. तिच्यातले खांब कुठले? कार्थेजचे. रोमन देवळांचे, गिरजांचे. एक लांब, एक आखूड. आखूड खांबाखाली दगड सरकवून सारखे केले आणि वर कमानी बांधल्या. आज कोण म्हणेल का, की हा भंगारचा माल आहे?"

एकदा त्यांनी मला खिशातलं नाणं काढायला लावलं. म्हणाले, "वाच." मी वाचलं, पन्नास फिल्स. म्हणाले, "फिल्स रोमन, दिनार रोमन. अरबांनी दमास्कस घेतलं, तरी पुढं दोन पिढ्या तिथले कारकून हिशेब ग्रीकमध्येच लिहीत होते. राज्य बुडतं रे, सुट्टे पैसे बुडत नाहीत." अबू समीरनं हे सगळं ऐकलं, हात झटकला आणि "मजनून" म्हणाला, म्हणजे वेडा. पण तोही तिथंच उभा राहिला, हलला नाही. हे मात्र खरं आहे, माणूस ऐकत राहायचा. मलाही ते आवडायचं, आणि आवडायचं म्हणून अजून राग यायचा.

त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट नऊशे उंटांची. ऱ्होड्स बेटावर ब्राँझचा एक प्रचंड पुतळा होता. भूकंपात पडला, तो तसाच शेकडो वर्षं पडून राहिला. पुढं अरबांचं आरमार त्या बेटावर आलं, त्यांनी तुकडे काढले आणि एडेसा गावच्या एका भंगारवाल्याला विकले. त्यानं ते नऊशे उंटांवर लादून नेले. ही गोष्ट सांगताना मास्तर असे उभे राहायचे की जणू उंट यांनीच बांधले होते.

जलील एकदा म्हणाला, "मास्टरजी, ये सच है?"

"नसेल," मास्तर म्हणाले. आम्ही सगळे उठून बसलो. एवढे दिवस ऐकवली आणि आता म्हणतात नसेल! "डोकं चालवा. एवढं ब्राँझ शेकडो वर्षं उघड्यावर पडून राहिलं आणि कुणी उचललं नाही? अम्गऱ्यात आठ तास ठेवून दाखवा! ही गोष्ट लिहिणारा ख्रिस्ती साधू दीड-दोनशे वर्षांनंतरचा, तोही शत्रूच्या बाजूचा. त्याला दाखवायचं होतं की बघा, हे लोक किती रानटी, पुतळे विकून खातात. पण गंमत बघा. राग काढता काढता त्यानं आपल्या धंद्यातल्या माणसाला अमर केलं. गाव लिहिलं, धर्म लिहिला, उंट मोजले." मग थांबून म्हणाले, "नाव मात्र नाही लिहिलं. हरामखोर."

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. हर्णैची मुलगी, नसीम. तिच्या वडिलांना रीतसर पत्र पाठवायचं होतं, मुलगा काय करतो, कुठं राहतो वगैरे. फोनवर बोललो असतो तर चाललं असतं, पण माझ्या वडिलांनी हट्ट धरला, पत्रच हवं. मी लिहिलं आणि, माझी अक्कल बघा, शुद्धलेखन तपासायला मास्तरांकडं दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांसमोर त्यांनी ते परत केलं. लाल पेनानं रंगवलेलं, वर कोपऱ्यात गोल करून दहापैकी चार. "मी इथे मोठ्या हुद्द्यावर आहे," या ओळीखाली त्यांनी रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, "कोणता हुद्दा? पुरावा जोडा." ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. जलीलला मराठी येत नाही, तोसुद्धा हसला. खाली सही होती, नुसतं रफीक. तिथं लिहिलं होतं, "नाव पूर्ण लिहावे." मी पत्र त्यांच्यासमोर फाडलं. दुसरं लिहिलं, तपासायला दिलं नाही. त्यातला हुद्दा आणखी वाढवला.

आणि मग तो दिवस. मास्तरांना तेव्हाच डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता, साखरेमुळं. सकाळी ते जहऱ्याला डॉक्टरकडं गेले होते. दारात ट्रेलर उभा, अबू समीर "यल्ला, यल्ला" करून डोकं खातोय आणि मधे एक कंबरेएवढी टाकी राहिलेली. तिच्यावर खडूची खूण नाही. जलील म्हणाला, "मास्टरजी को आने दे." मी म्हटलं, "मास्टरजीची वाट बघत बसलो तर इथंच म्हातारे होऊ."

आता जे लिहितोय ते मी जमातीत कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या खिशात खडूचा तुकडा होता. मास्तरांचाच, खाली पडलेला, मी दोन दिवस आधी उचलून ठेवला होता. कशासाठी उचलला होता, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी पाटीची वरची ओळ वाचली, अल्लाची शपथ वाचली. खालच्या ओळीवर ग्रीस होतं. बोटानं पुसलं असतं तर अक्षरं दिसली असती. मी पुसलं नाही. मी खूण केली, जलीलला दाखवली आणि गॅस पेटवला.

टाकीत थिनर असायचं. टाकी रिकामी होती, पण आत वाफ भरलेली. धुऊन, पाणी भरून मग कापायची असते असली टाकी. झाकण उडालं. आवाज मला आठवत नाही. जलीलच्या भुवया जळल्या, तो बचावला. माझी दोन बोटं तिथंच राहिली.

तिसऱ्या दिवशी मास्तर हॉस्पिटलात आले. हातात केळ्यांची पिशवी. मला वाटलं, विचारतील कसा आहेस, दुखतंय का. खुर्ची ओढली, बसले आणि पहिला प्रश्न काय, तर "खालची ओळ वाचली होतीस का?"

मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. म्हटलं, "मास्तर, ऑफिसवाले तुम्हाला विचारतील. तुम्ही जे सांगाल ते मानतील. सांगा, पाटी झिजली होती, अक्षरं लागत नव्हती. मग कंपनी मला ठेवून घेईल. नाहीतर मला घरी पाठवतील. लग्न दोन महिन्यांवर आलंय. एवढं करा. आयुष्यभर तुमच्या घरी पाणी भरेन."

मास्तरांनी केळ्यांची पिशवी खाटेवर ठेवली. मग म्हणाले, "पाटी शाबूत आहे रे. मी आत्ता वाचून आलो."

"ते तुम्हाला आणि मलाच माहीत आहे ना!"

"म्हणजे दोघांना माहीत आहे," म्हणाले आणि उठले.

ऑफिसच्या कंटेनरमध्ये चौकशी झाली. मी हात गळ्यात अडकवून बसलेलो. मास्तरांना विचारलं. ते त्यांच्या शाळेतल्या हिंदीत एकेक शब्द सुटा करून बोलले, "प्लेट थी. अक्षर साफ थे. निशान मेरा नहीं है. मेरा निशान नीचे से ऊपर जाता है, ये ऊपर से नीचे आया है." अबू समीरनंसुद्धा मान खाली घातली. तो मला वाचवायला तयार होता, इजिप्तचा माणूस! आणि माझ्या गावाशेजारचा माणूस मला बुडवत होता. कुंपणानंच शेत खाल्लं.

पुढं ते आणखी एक वाक्य बोलले. ते गाळलं तर मास्तर कबरीतून उठून लाल पेन लावतील. म्हणून लिहितो. म्हणाले, "पढ़ने का काम मेरा था. मैं नहीं था. मेरी ग़लती भी लिखो." ती कुणी लिहिली नाही. माल ओळखणारा दुसरा माणूस यार्डात नव्हता. कापणारे छप्पन मिळतात. मला महिन्याच्या आत विमानात बसवलं.

नसीमच्या वडिलांनी निरोप पाठवला की मुलीला घाई नाही. सहा महिन्यांनी तिचं लग्न दुसरीकडं झालं. त्यांना माझ्या बोटांचं काही नव्हतं, असं मधला माणूस म्हणाला. त्यांना खूण खोटी केल्याचं कळलं होतं. गावात कुणी माझं ऐकूनसुद्धा घेईना. "परकार मास्तर बोललेत म्हणजे खरंच असणार," एवढं बोलून लोक विषय संपवायचे. शाळेत शिकवून गेलेला माणूस, त्याच्या शब्दाला केवढी ती किंमत! दोन वर्षं मी काकांच्या होडीवर जाळी ओढली. तीन बोटांनी ओली जाळी ओढून बघा एकदा. प्रत्येक ओढीला मी त्या माणसाला शिव्या घातल्या.

दोन वर्षांनी अबू समीरनंच व्हिसा काढून मला परत बोलावलं. मी यार्डात शिरलो तेव्हा मास्तर एका मोटारीपाशी उभे होते, तोच पांढरा शर्ट. मला बघितलं. कसा आहेस नाही, आलास का नाही. पाटी वाचली, वरची ओळ, खालची ओळ. मी परत म्हटलं. त्यांनी खूण केली. पुढं नऊ वर्षं आमचं बोलणं ते एवढंच. बघणाऱ्याला वाटायचं, यांचं छान जमतं.

फक्त एकदा दुपारी, सावलीत, पत्र्यावर समुद्र काढून झाल्यावर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्हँडल लोकांनी कार्थेज घेतलं आणि शंभर वर्षं तिथं राहिले. त्यांनी हमामखाने बांधले. लॅटिन कविता ऐकल्या. नासधूस करणारे म्हणून जगभर नाव झालं, कारण लिहिणारे सगळे त्यांच्या विरुद्ध होते. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. न लिहिणाऱ्याचं असंच होतं." हे ते कुणासाठी बोलत होते, ते तिथल्या माशीलासुद्धा कळलं असतं. माफी मागायची तर सरळ माग ना बाबा! कार्थेजवरून कशाला येतोस? मी उठून पाणी प्यायला गेलो.

हळूहळू त्यांचे डोळे जात चालले. आधी पाटी नाकाशी धरायचे. मग बोटानं वाचायला लागले. पाटीवरची अक्षरं ठोकून काढलेली असतात, बोटाला लागतात. चुकायचे नाहीत. मी मुद्दाम लक्ष ठेवून असायचो, एकदा तरी चुकतात का बघायला. नऊ वर्षांत एकदाही चुकले नाहीत. शेवटी ऑफिसनंच सांगितलं, मास्तर, आता पुरे. तोवर अबू समीर इजिप्तला परत गेला होता आणि कापण्याचं सगळं काम माझ्या हाताखाली आलं होतं.

शोकसभेच्या बॅनरवर "परकार मास्तर" एवढंच छापलं होतं, असं ऐकलं. इतकी मनमिळाऊ माणसं जमली, पण एकालाही पूर्ण नाव लिहायचं सुचलं नाही. घ्या, मी लिहितो. अब्दुल लतीफ हसन परकार. रागानं लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असं ते स्वतःच सांगायचे, तेव्हा बाकीचं खरं-खोटं तुम्ही ठरवा. नाव मात्र बरोबर आहे.

शेवटचं बघितलं ते गेल्या वर्षी. कायमचे गावी निघाले होते, संध्याकाळचं विमान होतं. सकाळी जहऱ्याहून टॅक्सी करून आले, सामान डिकीत, टॅक्सी गेटपाशी उभी. म्हणाले, एक फेरी मारतो. काठी टेकत टेकत चालले, मी मागं. कुणी हात धरलेला त्यांना खपायचा नाही. मध्यावर एक टाकी होती, कंबरेएवढी. माझा नवा कटर सुनील, गोरखपूरचा, गॅसची नळी घेऊन तयार उभा. खूण अजून मी केली नव्हती.

मास्तरांची काठी टाकीला लागली, तसे ते थांबले. "पाटी कुठंय?"

मी त्यांचा हात नेऊन पाटीवर ठेवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना हात लावला.

"वाच," म्हणाले.

मी वरची ओळ वाचली. बनवणारा, नंबर, साल. त्यांनी परत म्हटलं, शब्द न् शब्द, कापणाऱ्यानं म्हणायचं तसं.

"खालची?"

खालची ओळ माझ्या समोर होती. स्वच्छ, चार शब्दांची. आणि कुणास ठाऊक काय झालं, अकरा वर्षांचं सगळं एकदम वर आलं. हॉस्पिटल, केळी, ती होडी, नसीम, सगळं. मी म्हटलं, "झिजलीय मास्तर. अक्षरं लागत नाहीत."

मास्तरांचं बोट त्या ओळीवर होतं. ते बोट पहिल्या अक्षरावरून सावकाश निघालं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं. मधे एका जागी थांबलं, परत मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. मी बघत होतो. सुनील बघत होता.

"हो," मास्तर म्हणाले. "झिजलीय."

मग ते सुनीलकडं वळले. "पहले धो लेना. फिर पानी भरना, गले तक. उसके बाद काटना." खिशातून खडू काढला, चाचपडत टाकीवर जागा शोधली आणि खूण केली. खालून वर.

मला ओरडावंसं वाटलं, की मास्तर, हेच तेव्हा हवं होतं हो! आता घेऊन काय करू? ते काठी टेकत गेटकडं गेले. टॅक्सीचं दार त्यांना सापडेना, दोनदा पत्र्यावर हात आपटला, तरी मी जागचा हललो नाही. शेवटी ड्रायव्हर उतरला आणि त्यानं त्यांना बसवलं.

टॅक्सी गेल्यावर सुनीलनं पाण्याचा पाइप ओढत आणला. टाकीपाशी वाकून बघितलं आणि म्हणाला, "उस्ताद, ये तो साफ दिख रहा है. नीचे क्या लिखा है?"

मी खालची ओळ वाचली. त्यानं परत म्हटली.